हिराजी, तुझा दांडा मीच खरवडला

हिराजी, तू गेल्यापासून गावात एकच वाक्य कानावर पडतंय : डॉक्टरांचा खेळ मोडला. बाजारात कोळिणी हळहळतात, शाळेचे हेडमास्तर सांत्वनाला आले तेही हेच म्हणाले. जणू तू माझा खेळगडी होतास आणि गडी कमी पडला एवढंच दुःख. मी मान डोलावतो आणि पुढच्या पेशंटला जीभ दाखवायला सांगतो. खरं काय मोडलंय ते त्यांना सांगायची माझी छाती होत नाही, म्हणून तुलाच लिहायला बसलो आहे. तुला वाचता येत नव्हतं. तुझी पत्रं मीच तुला वाचून दाखवायचो आणि मध्येच दोन वाक्यं पदरची घालायचो. तू लगेच पकडायचास, "हं, ही डाक्टरची." या पत्रात पदरचं काही नाही.

मी या गावात नवा होतो तेव्हाची गोष्ट. ओहोटीच्या वेळी पुळणीवर फिरायला गेलो, तर एक पन्नाशीचा माणूस धोतर खोचून, हातातली काठी खांद्यामागे नेऊन, वाळूतल्या एका चेंडूवर फिरवत होता. जवळ कोणी नाही. मला वाटलं, बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय.

"काय करतोस रे?" मी विचारलं.

"खेलतो."

"एकटाच?"

"दुसरा मिलत न्हाय."

तो पहिला 'रे' डॉक्टरकीच्या तोऱ्यातला होता, हिराजी. वयानं तू माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा, पण मी सरळ अरेतुरेवर आलो. पुढे तो तोरा गेला आणि 'रे' दोस्तीचा झाला. नक्की कधी ते मला सांगता येणार नाही. तुझा मात्र या बाबतीतला नियम पक्का होता. दवाखान्याच्या पायरीवर 'तुमी', पुळणीवर 'तू'. पुळण आणि पायरी यांच्यामधल्या केवड्याच्या बनात तू मला काहीच म्हणायचा नाहीस, नुसता खोकायचास.

मुंबईच्या एका गोल्फ क्लबात, मागच्या बाजूच्या पत्र्याच्या खोलीत, तू पंचवीस वर्षं साहेबांच्या काठ्या दुरुस्त केल्यास. लाकडाचे दांडे तासायचे, काचेनं खरवडायचे, लोखंडी मुंडकं बसवून मेणाचा दोरा गुंडाळायचा. मग स्वराज्य आलं, बरेचसे साहेब गेले. जे मेंबर उरले त्यांच्या हातात पोलादी नळ्या आल्या होत्या. नळ्या खरवडायला माणूस लागत नाही. तू अडगळीतली जुनी मुंडकी मागून घेतलीस आणि गोणत्यात भरून लाँचनं रेवसला उतरलास. वहिनींनी गोणतं उपडं करून बघितलं आणि विचारलं, "ह्याचं कोयते तरी व्हतील का?" हे सांगताना तू दर वेळी तितकाच हसायचास.

मला खेळ शिकवायला तू कबूल झालास, पण हातात काठी देईनास. मी आठवडाभर मागे लागलो. शेवटी एके दिवशी सकाळी दवाखाना भरलेला असताना तू मला आडावर नेलंस आणि म्हणालास, "पानी शेंद."

"कशाला?"

"शेंद तं खरा."

मी दहा बादल्या ओढल्या. ओटीवर बसलेले पेशंट माना उंचावून बघत होते. त्यातल्या एका म्हातारीनं मला हात दाखवून, "असा न्हाय, असा," म्हणूनही सांगितलं. तू पाण्याकडे बघत नव्हतास. माझ्या मनगटाकडे बघत होतास. दोरी एका हातातून दुसऱ्या हातात घेताना मी हिसका देतो, का क्षणभर थांबतो, एवढंच तुला बघायचं होतं. जो हिसका देतो तो काठीही वरून खाली आणताना हिसक्यानंच आणणार. त्याला ताठ दांडा हवा, नाहीतर मुंडकं मागे राहतं. जो थांबून, सावकाश घेतो त्याला लवणारा दांडा हवा. म्हणजे त्याच्या संथपणात जे कमी पडतं ते दांडा भरून काढतो. साहेबांना तू आडावर कसा नेणार? तू त्यांना चहात साखर ढवळताना बघायचास.

"तू थांबतस," तू निकाल दिलास. "तुना नरम दांडा."

मला राग आला. तिशीतला धडधाकट माणूस मी, कॉलेजात मलखांब केलेला, आणि मला नरम दांडा? ज्या चालीनं तो शब्द तू उच्चारलास त्यानं तर आणखीच. मी ठरवलं, गावातला सगळ्यात ताठ दांडा मी मिळवणार.

तू दांडे करायचास जुन्या कावडींचे. धामणीचं लाकूड, वर्षानुवर्षं खांद्यावर राबलेलं. आपल्या गावात कोणी कोणाची कावड उचलत नाही. माणूस चालतो तशी ती वरखाली होते, त्याच्या पावलाची तिला सवय लागते, आणि ती दुसऱ्यानं घेतली तर त्याचा खांदा सोलवटतो. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं असं नाही. तरी मी भिकूकडे गेलो. मासळीच्या दोन भरल्या पाट्या घेऊन अलिबागपर्यंत न थांबता जाणारा भिकू, त्याची कावड मनगटाएवढी जाड. त्याच्या बायकोचं बाळंतपण मी नुकतंच केलं होतं, त्यामुळे त्याला नाही म्हणता येईना. ती कावड मी तुझ्यापुढे टाकली आणि म्हणालो, "याचा कर."

तू कावडीकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस. "डाक्टर, ही भिकूची हाय."

"म्हणूनच."

तू मुकाट्यानं केलास. काठी देताना तू इतकंच म्हणालास की दक्षिणेकडे तोंड करून खेळू नकोस. मी का म्हणून विचारलंही नाही. दक्षिणेकडे तोंड केलं की समुद्र उजव्या हाताला येतो, आणि ताठ दांडा माझ्यासारख्याच्या हातात चेंडू उजवीकडेच फेकतो, हे मला त्या महिन्यात कळलं. सात चेंडू समुद्राला गेले. हाताला झिणझिण्या यायच्या त्या वेगळ्याच. आठवा चेंडू लाटेत पडला तेव्हा तू म्हणालास, "दर्या आता आपल्यापेक्षा चांगला खेलंल." दुसऱ्या दिवशी तू नरम दांड्याची काठी आणलीस. ती तू पहिल्याच आठवड्यात करून ठेवली होतीस. मी सोन्यासारखी घेतली आणि आभारही मानले नाहीत. आता मानतो. चौदा वर्षं ती काठी माझ्या हातात आहे, आणि तिनं मला एकदाही माझ्यापेक्षा मोठा किंवा लहान करून दाखवलं नाही.

आपला एक वाद मात्र राहिलाच. मी म्हणायचो, ताठ दांडा वापरत राहिलं तर माणसाचा हात हळूहळू तसा तयार होतो, व्यायामासारखं. तू म्हणायचास, हात तयार होत नाही, नुसता खोटं बोलायला शिकतो. मी मुंबईहून एकदा पोलादी दांड्याची काठी आणली. त्यावर ताठपणा दाखवणारं अक्षर छापलेलं होतं. तू ते अक्षर बोटानं चाचपलंस आणि मला विचारलंस, "दुकानदारानं तुना पानी शेंदायला लावलं?" मी म्हटलं, दुकानात आड नसतो. तू म्हणालास, "मंग त्याला कसा कलला?" यावर मी बरंच काही बोललो, विज्ञान वगैरे. तू ऐकून घेतलंस. पोलादाची बाजू आजही मला थोडी खरी वाटते, हिराजी. तू असतास तर आज संध्याकाळीही आपण त्यावर भांडलो असतो.

आता त्या म्हाताऱ्या साहेबाची गोष्ट. ती तू मला कितीदा तरी सांगितलीस, आणि मी तिचा काय उपयोग केला ते तुला ठाऊक आहे.

साहेबाचं वय झालं होतं. त्याचा चेंडू आधीसारखा लांब जाईना. तो काठीला शिव्या द्यायचा, गवताला द्यायचा, वाऱ्याला द्यायचा. तू काय केलंस, त्याची काठी रंग द्यायच्या निमित्तानं घेतलीस, दांडा मधोमध काचेनं केसभर खरवडलास, उंडीचं तेल पाजलंस आणि दोरा होता तसाच गुंडाळून परत दिलीस. दांडा लवायला लागला, चेंडू पुन्हा लांब जायला लागला. साहेब खूश. पुढच्या वर्षी पुन्हा थोडा. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. आपली काठी बदलत चालली आहे हे त्याला विलायतेला जाईपर्यंत कळलं नाही. "म्हातारा झालास असा त्याला कोन सांगनार?" तू म्हणायचास. "दांड्यानं सांभालून घेतला." मला ही गोष्ट फार आवडायची. मी तिला दयाळूपणा म्हणायचो. अजूनही म्हणतो, पण कुठल्या माणसाशी कोणता दयाळूपणा करावा याची अक्कल मला नव्हती.

भोकांच्या जागी पुळणीवर आपण खुंट रोवले होते; दोन वर्षांपूर्वी त्यातल्या चौथ्या खुंटाशी तू थांबायला लागलास. थांबून समुद्राकडे बघायचास, जणू एखादं गलबत ओळखायचंय. गलबत नसायचं. तुझा दम मला ऐकू यायचा. मग तुझे घोटे सुजायला लागले. मी एकदा चेष्टेच्या मिषानं तुझ्या छातीवर नळी ठेवली. "बघू, तुझ्या आतही धामणीचं लाकूड आहे का?" तू हसत होतास आणि मी ऐकत होतो. हसण्याच्या आड जे ऐकू आलं ते मी पुन्हा एकदा ऐकून खात्री केली. मी नळी काढली आणि म्हणालो, "ठणठणीत."

सुजेवरच्या म्हणून ज्या गोळ्या मी तुला दिल्या त्या काळजासाठी होत्या. मीठ कमी खा म्हणालो, तेव्हा तू म्हणालास, "मिठाच्या आगरातल्या मानसाला सांगतस?" मी हसलो. मी त्या दोन वर्षांत फार हसलो, हिराजी. तुला खरं सांगितलं तर तू खेळणं सोडशील, घरात बसशील, माझ्याकडे आजाऱ्यासारखा बघशील, याची मला भीती वाटायची. मी स्वतःला सांगायचो की मी तुला जपतोय. मी माझी संध्याकाळ जपत होतो.

पावसाळ्यात आपल्या काठ्या दवाखान्यात असायच्या, औषधांच्या खोलीत, कारण गावात तेवढी एकच जागा कोरडी. यंदा श्रावणात मी तुझी काठी खाली काढली. तुझा दांडा तुझ्याच जुन्या कावडीचा, ताठ. तू हिसक्यानं पाणी शेंदणारा, हिसक्यानं मारणारा माणूस. पण आता तो हिसका तुझ्यात उरला नव्हता. गेल्या वर्षभर तुझा चेंडू उजवीकडे जात होता आणि तू वाऱ्याला शिव्या देत होतास. मी बाटली फोडली, काचेचा तुकडा घेतला, आणि तू मला शिकवलंस तसा तुझा दांडा मधोमध खरवडला. तेल पाजलं. दोरा होता तसा गुंडाळला. काम चांगलं झालं म्हणून मला अभिमानसुद्धा वाटला.

पाऊस उघडल्यावर आपण पहिल्यांदा गेलो तो दिवस. तू काठी घेतलीस, चेंडू न ठेवता एकदा नुसती फिरवलीस आणि थांबलास. दांडा डोळ्यापाशी धरून त्याच्या लांबीवर नजर टाकलीस. मग बोटावर तोलून बघितलास.

"कोनी खरवडलाय?"

"हवा दमट होती," मी म्हणालो. "नरम पडला असेल."

"हवा मधोमध खरवडत न्हाय, डाक्टर."

मी चेंडूवरची वाळू पुसायला घेतली.

"सायबाचं केलं तसं माझं केलंस व्हय?" तू ओरडला नाहीस. ओरडला असतास तर मला सोपं गेलं असतं. "सायेब माझा कोन लागत व्हता? त्याला सांगायचा मना हक्क नव्हता, म्हनून दांडा खरवडला. तू तं दोस्त ना माझा? मंग तोंडानं बोल. काय झालाय मना?"

तिथे, ओल्या वाळूवर, तू मला विचारलंस. सरळ. दवाखान्यातल्या पेशंटनं विचारावं तसं नाही, दोस्तानं विचारावं तसं. आणि मी म्हणालो, "काही नाही रे. वय झालं, दुसरं काय?"

तू माझ्याकडे बघितलंस. मग "बरं" म्हणालास, चेंडू ठेवलास आणि मारलास. दोन वर्षांत तुझा चेंडू तसा गेला नव्हता. सरळ, उंच, पाचव्या खुंटाच्याही पलीकडे. तू डोळ्यांवर हात धरून तो पडेपर्यंत बघितलास. "दांडा चांगला केलायस," म्हणालास, काठी माझ्या हातात दिलीस आणि घराकडे वळलास. चेंडू आणायलाही गेला नाहीस. मी आणला. मला वाटलं, रुसलाय, चार दिवसांत येईल.

त्यानंतर तू आला नाहीस आणि मीही आलो नाही. मध्ये दोनदा वहिनींकडे गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांनी सकाळी तुझा पुतण्या पळत आला. मी पोचलो तेव्हा तू ओटीवर टेकून बसलेला होतास, विळा धार लावून शेजारी ठेवलेला. माझ्या नळीला काहीच ऐकू आलं नाही. तरी मी ती बराच वेळ ठेवली.

परवा तुझं तेरावं झालं. काल वहिनी दवाखान्यात आल्या. आजारी नव्हत्या. बाकड्यावर बसल्या, सगळे पेशंट जाईपर्यंत बसून राहिल्या. तुझी लेक शेवंता त्याच दिवशी पहाटे बोर्ली पंचतनला सासरी परत गेली होती. ती आली तेव्हा तुझी राख झाली होती, हे तुला कोणी सांगितलं नसेल. बाळंतपणानंतर तिला येता आलं नाही आणि तू तिकडे गेला नाहीस. नातू सात महिन्यांचा झालाय, हिराजी. तू त्याला बघितलं नाहीस. तिच्या मांडीवर बघितला मी. हात लांब आहेत.

"डाक्टर," वहिनी म्हणाल्या, "तुमाला म्हायत व्हतं?"

दोन वर्षांत पहिल्यांदा मी तुझ्या घरातल्या माणसाला खरं उत्तर दिलं. "हो."

त्या रडल्या नाहीत. पदर नीट केला. मग सांगायला लागल्या, आणि मला दोष द्यायचा म्हणून नाही, नुसतं जे झालं ते. "पाऊस उघडला तवा मी त्यांच्या मागं लागली व्हती. म्हनलं, तुमची तब्येत मना बरी दिसत न्हाय, शेवंताकडं जाऊन येऊ, नातू बघू. तं बोलले, कापनी व्हऊंदे, मंग जाऊ. मी म्हनलं, काय झालं-बिलं तं? तं बोलले, येडी का काय तू? मी डाक्टरला इचारलाय. तो माझा दोस्त हाय. तसा काय असता तं तो मना बोल्ला असता."

एवढं सांगून त्या उठल्या. दारात थांबल्या, "जेवत जा," म्हणाल्या आणि गेल्या.

तू रुसला नव्हतास. तू माझ्यावर विश्वास ठेवून कापणीची वाट बघत बसला होतास. तीन आठवडे होते तुझ्याकडे. बोर्लीला जायला एक दिवस लागतो.

तू विचारलं होतंस. उत्तर द्यायला मला उशीर झाला, पण ते तुझंच आहे आणि दुसऱ्या कोणाला देऊन ते फिटणार नाही. म्हणून ऐक. हिराजी, तुझं काळीज थकलंय. त्यातली एक झडप नीट मिटत नाही, म्हणून तुला दम लागतो, म्हणून पाय सुजतात. माझ्या गोळ्यांनी ते बरं होणार नाही. किती दिवस आहेत मला सांगता येत नाही, पण फार नाहीत. कापणीसाठी थांबू नकोस. वहिनींना घे आणि उद्या सकाळीच शेवंताकडे जा.